पिवळी बोअर, नितळ बोअर: सोलापूरच्या एका गल्लीतलं क्रोमियम आणि उजेड देणारे जिवाणू

सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, एका गल्लीत दोन बोअर आहेत. एक बंद पडलेल्या डाईंगच्या आवाराला लागून. दुसरी रस्ता ओलांडून, एका यंत्रमाग कारखान्याच्या बोळात. पहिलीचं पाणी पिवळट येतं, बादलीत तासभर ठेवलं तरी गाळ खाली बसत नाही, आणि मोटर चालू केल्या केल्या सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दुसरीचं पाणी नितळ, बिनवासाचं. तक्रार अर्थातच पहिलीची होती.

या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येणं ही नवलाची गोष्ट नाही. उजनीतून शंभर किलोमीटरच्या वर अंतर कापून पाणी येतं, वाटेत काही बिघडलं की दिवस आणखी वाढतात. अशा ठिकाणी लोक पाण्याचे दोन वर्ग पाडतात: प्यायचं आणि वापरायचं. पण या दोन वर्गांमधली भिंत फार पातळ असते. पिवळ्या बोअरचं पाणी कुणी फरशी पुसायलाही घेत नव्हतं. नितळ बोअरचं पाणी मात्र नळाचा वार चुकला की चहाच्या पातेल्यात, भाताच्या कुकरमध्ये आणि मागावरच्या कामगारांच्या माठात जात होतं. ते कुणी लपवतही नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

आमच्याकडे, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या दोघांकडे, आलेला प्रश्न असा होता: पिवळ्या पाण्यात काय आहे ते सांगा. नितळ बोअरचा नमुना आम्ही घेतला तो तुलनेसाठी, ‘चांगलं पाणी’ म्हणून. या प्रकरणाचं सगळं वळण त्या एका निवडीत आहे.

डाईंगमध्ये काय चालायचं

हे डाईंग सुताच्या लड्या रंगवून चादरी-टॉवेलवाल्यांना पुरवायचं. हौद अजून शाबूत आहेत. कडेला निळ्या-काळ्या रंगाचे थर चढलेले, तळाशी वाळलेला चिखल. इथे तीस-एक वर्षं काम केलेले एक आजोबा गल्लीतच राहतात. त्यांच्याकडून रंगप्रकारांची यादी मिळाली: नॅफ्थॉल, व्हॅट, नंतरच्या काळात रिॲक्टिव्ह, आणि सल्फर. व्हॅटसाठी कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट), रिॲक्टिव्हसाठी मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, सल्फर रंग विरघळवायला सोडियम सल्फाइड. मग ते म्हणाले, “आणि मागच्या खोलीत नारिंगी खड्यांचे ड्रम असायचे सर. सल्फरचा रंग सुतावर आला की त्या पाण्यातून काढायचा, मग रंग पक्का. हाताला भोकं पडायची त्यानं.”

नारिंगी खडे म्हणजे डायक्रोमेट. सल्फर रंग सुतात शिरतो तो क्षपित, विद्राव्य रूपात. त्याला ऑक्सिडाइझ केलं की तो तंतूतच अविद्राव्य होऊन अडकतो. त्यासाठी पूर्वी सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट आणि ॲसेटिक ॲसिड सर्रास वापरत. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडने ती जागा घेतली. हाताला पडणारी भोकंही वैद्यकशास्त्राला जुनी माहीत आहेत. डायक्रोमेट हाताळणाऱ्यांच्या कातडीवर खोल, गोल, सहसा न दुखणाऱ्या जखमा होतात, आणि दुखत नाहीत म्हणूनच माणूस काम चालू ठेवतो.

क्रोमियमची दोन रूपं इथे महत्त्वाची. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून राहतं, ऋण भाराचं असतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि भूजलाबरोबर वाहत जातं. तीन संयुजेचं क्रोमियम उदासीन पाण्यात हायड्रॉक्साइड होऊन बसतं, पेशीत सहजी शिरत नाही. विषारी, कर्करोगकारक म्हणून ज्याची ख्याती आहे ते सहा संयुजेचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा 0.1.

क्रोमेटचा रंग पिवळा. त्यामुळे पिवळं पाणी आणि नारिंगी खडे ही जोडी गल्लीत सगळ्यांनी लगेच जुळवली. पण लिटरला 0.05 मिलिग्रॅम क्रोमेट डोळ्याला दिसत नाही. त्याच्या कैकपट असलं तरी पेल्यातलं पाणी नितळच दिसतं. बादलीभर पाणी उघड पिवळं दिसायला लागलं तर तो रंग दुसऱ्याच कशाचा, उरलेल्या रंगद्रव्याचा किंवा लोहाचा, असण्याची शक्यता जास्त. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते कुणालाही पटलं नाही.

जिवाणूच का?

क्रोमेट पेशीत शिरलं की उजेड देतील असे जनुकीय बदल केलेले जिवाणू या पाण्यावर वापरायचं आम्ही ठरवलं. आधी हे कबूल करून टाकतो: पाण्यात फक्त क्रोमेटच शोधायचं असेल तर जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंची काही गरज नाही. डायफिनाइलकार्बाझाइड नावाचं अभिकर्मक आम्लयुक्त नमुन्यात घातलं की क्रोमेट असल्यास जांभळट रंग येतो, 540 नॅनोमीटरला मोजता येतो, आणि कुठल्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात हे होतं. आम्ही पिवळ्या पाण्यावर तेच आधी केलं. अडचण अशी की रंगीत पाण्यात रंग मोजायचा होता. शिवाय आम्ल घातल्यावर पाण्यातलं उरलंसुरलं रंगद्रव्य छटा बदलत होतं आणि सल्फाइड अभिकर्मकाच्या कामात ढवळाढवळ करत होतं. आकडा आला, पण त्यावर सही करावी असा नव्हता.

दुसरं कारण शास्त्रीय कुतूहलाचं, आणि ते लपवायचं कारण नाही. रसायनशास्त्र सांगतं पाण्यात किती आहे. जिवंत पेशी सांगते त्यातलं किती आत शिरतं. या दोन आकड्यांतला फरक पाहायची ही चांगली संधी होती, कारण डाईंगचं पाणी म्हणजे क्षार, अल्कली, सल्फाइड, रंगद्रव्यं आणि धातू यांचं मिश्रण; जैवसंवेदकाची, म्हणजे एखादा पदार्थ ओळखून खूण देणाऱ्या जिवंत पेशीची, परीक्षा घ्यावी तर अशाच पाण्यावर.

या जिवाणूची कथा थोडक्यात. क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्स, प्रकार सीएच-34, बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या गाळात 1970 च्या दशकात सापडला. जस्त, कॅडमियम, कोबाल्ट, पारा, शिसं, क्रोमेट यांच्या सोबतीने जगण्याची सोय त्याने दोन मोठ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर, करून ठेवली आहे. क्रोमेट पेशीत शिरलं की एक नियामक प्रथिन ते ओळखतं आणि क्रोमेट बाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक चालू होतं. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या संशोधकांनी या नियंत्रणाला प्रकाश देणाऱ्या समुद्री जिवाणूची लक्स जनुकं जोडली. मग क्रोमेट आत आलं की पेशी पंपाबरोबर उजेडही तयार करते, साधारण 490 नॅनोमीटरचा, निळसर हिरवा. लक्सचा पूर्ण संच घातला तर वरून काही रसायन घालावं लागत नाही. पेशी स्वतःच सगळं बनवते, फक्त तिला प्राणवायू आणि ऊर्जा हवी.

अशा संवेदकांची सुरुवात त्याआधीची. 1990 साली अमेरिकेत टेनेसीतल्या गटाने नॅफ्थलिन ओळखून उजेड देणारा स्यूडोमोनास बनवला, आणि 1996 मध्ये तोच ओक रिज इथे बंदिस्त मातीच्या टाक्यांत रीतसर परवानगीने सोडला गेला. आर्सेनिक ओळखणारे इ. कोलाय तर व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशांतल्या नलिकाकूपांच्या पाण्यावर प्रत्यक्ष तपासून झाले आहेत, आणि तिथे ते बऱ्यापैकी चालले.

पाणी पुण्याला

आपल्याकडे जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव 1989 च्या नियमांखाली येतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, कामाच्या जोखमीनुसार वरच्या समित्यांची संमती लागते, आणि बाहेरच्या पर्यावरणात काही सोडायचं झालं तर प्रकरण थेट केंद्रीय मूल्यमापन समितीकडे जातं. तिचं नाव 2010 पर्यंत ‘मान्यता समिती’ होतं. आमच्याकडे अशी सोय नाही. म्हणून संवेदक जिवाणू गल्लीत, बोअरवर, एखाद्या पट्टीवर थेंब टाकून वगैरे वापरायचा विचारही केला नाही. जिवाणू पुण्यातल्या परवानगी असलेल्या प्रयोगशाळेत राहिले, पाणी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने तिकडे गेलं. पुण्याचं पाणी भीमेतून उजनीत आणि उजनीतून सोलापुरात येतं हे आम्हाला पाठच असतं. यावेळी उलटा प्रवास झाला, म्हणून सोबतच्या विद्यार्थिनीने थर्मासच्या खोक्यावर ‘परतफेड’ असं लिहून ठेवलं.

नमुना घेण्याकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण अर्धी प्रकरणं तिथेच बिघडतात. मोटर आधी चालू ठेवून पाइपात साचलेलं पाणी जाऊ दिलं. प्रत्येक बोअरच्या दोन बाटल्या. एकीत नायट्रिक ॲसिड, सामू 2 च्या खाली: ही एकूण धातूंसाठी. दुसरीत आम्ल अजिबात नाही, 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून, बर्फात: ही सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी आणि जिवाणूंसाठी. दुसरीत चुकून आम्ल गेलं तर पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्रोमेटची क्रिया होऊन ते तिथेच तीन संयुजेचं बनतं, आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे ‘आढळलं नाही’ असं लिहून देते. बर्फातल्या बाटलीलाही चोवीस तासांची मुदत असते. हुतात्मा साडेसहाला सुटते, त्यामुळे पाणी पहाटे भरलं. पाण्याच्या तपासणीत रेल्वेच्या वेळापत्रकाला इतकं महत्त्व असेल असं पुस्तकात कुठे नव्हतं.

पहिली थाळी

शहाण्णव खळग्यांची पांढरी थाळी. मांडणी अशी: दोन्ही बोअरचं पाणी, सोबत शुद्ध पाणी; प्रत्येकात एकदा संवेदक जिवाणू, एकदा नियंत्रण जिवाणू. नियंत्रण म्हणजे तोच जिवाणू, तीच लक्स जनुकं, पण क्रोमेट असो वा नसो सतत उजेड देणारा. त्याच्याकडून एवढंच कळतं की या पाण्यात पेशी धड आहे की नाही. शेवटच्या ओळींत तेच नमुने, पण त्यांत आम्ही मुद्दाम क्रोमेट घातलेलं, मोजून. अंश सेल्सिअस 30, कारण या जिवाणूला तेच मानवतं आणि समुद्री जिवाणूकडून आलेलं प्रकाश देणारं विकर त्याच्या वर लंगडायला लागतं. एप्रिल-मेच्या सोलापुरात हे टेबलावर ठेवून करता आलं नसतं.

पिवळ्या बोअरचे खळगे काळे. संवेदक काळा, नियंत्रणही जवळपास काळा. याचा अर्थ एवढाच की या पाण्याबद्दल जिवाणू काही सांगू शकत नाहीत. पेशी गुदमरल्या असतील, सल्फाइडने श्वसन अडलं असेल, किंवा पेशी ठीक असून पिवळ्या पाण्याने निळा उजेडच गिळला असेल. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, त्यात नवल काहीच नाही.

नितळ बोअरचं दृश्य मोहात पाडणारं होतं. नियंत्रण झगझगीत, म्हणजे पेशी मजेत. संवेदक शांत, शुद्ध पाण्याइतका. तिथेच थांबलो असतो तर निष्कर्ष एका ओळीत मावला असता: पेशी जिवंत, उजेड नाही, क्रोमेट नाही, पाणी चांगलं. थाळीवर बसलेल्या विद्यार्थिनीने वहीत जवळपास तसंच लिहिलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही; जैवसंवेदकांच्या बऱ्याच जाहिरातवजा सादरीकरणांत निकाल नेमका इथवरच वाचतात.

मग मुद्दाम क्रोमेट घातलेल्या ओळी. शुद्ध पाण्यात घातलेल्या क्रोमेटला संवेदकाने ठळक उजेड दिला. तेवढंच क्रोमेट नितळ बोअरच्या पाण्यात घातलं तर उजेड जेमतेम हलला. म्हणजे आम्ही आमच्या हाताने क्रोमेट घातलंय, ते तिथे आहे हे नक्की, पेशी धडधाकट आहे हेही नक्की, तरी ती बोलत नाही. मग आधीच्या तिच्या गप्प राहण्यालाही काही किंमत उरली नाही.

सल्फेट

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते या जिवाणूच्या जीवशास्त्रातच आहे. पेशीला क्रोमेटसाठी वेगळा दरवाजा नाही. क्रोमेटचा आकार आणि भार सल्फेटसारखा, म्हणून ते सल्फेट आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांतूनच शिरतं. पाण्यात सल्फेट भरपूर असेल तर वाहक त्यातच गुंतलेले राहतात. किती भरपूर? मानकांच्याच मर्यादा घेऊन हिशेब करा. क्रोमियम 0.05 मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे लिटरला सुमारे 1 मायक्रोमोल. सल्फेटची स्वीकारार्ह मर्यादा 200 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 2 मिलिमोल. एका क्रोमेटमागे दोन हजार सल्फेट. गड्ड्याच्या यात्रेत सुटलेल्या एसटीच्या एका दारातून आत शिरायला बघणाऱ्या दोन हजार माणसांत आपला एक ओळखीचा शोधावा, तशी गत.

आणि डाईंगच्या आवाराजवळ सल्फेट का असणार नाही? ग्लॉबर सॉल्ट म्हणजेच सोडियम सल्फेट. हायड्रोस हवेत ऑक्सिडाइझ होत होत शेवटी सल्फेटच होतं. सोडियम सल्फाइडचंही प्राणवायूच्या संगतीत तेच. सुताला रंग देणारा जवळजवळ प्रत्येक हौद जमिनीत सल्फेट सोडत होता. ज्या ठिकाणी क्रोमेट सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच ठिकाणी हा संवेदक बहिरा होण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि ती उपकरणाच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

सल्फेट काढून टाकावं म्हटलं तर पहिला विचार बेरियमचा येतो. बेरियम क्लोराइड घातलं की सल्फेट पांढरं होऊन खाली बसतं; शाळेतला प्रयोग. पण बेरियम क्रोमेटही तितकंच अविद्राव्य आहे. सल्फेटबरोबर जे शोधायचं तेच तळाशी गेलं असतं आणि पुन्हा ‘आढळलं नाही’. विद्यार्थिनीने हे मी सांगायच्या आधी ओळखलं, याची नोंद इथे करतो.

मग दोन गोष्टी केल्या. जिवाणूंना सल्फेट तुटपुंजं असलेल्या माध्यमात वाढवलं. उपाशी पेशी सल्फेट ओढणारे वाहक जास्त बनवते, त्यामुळे क्रोमेटलाही वाट वाढते. आणि नमुना तसाच सल्फेटविरहित माध्यमात पायरीपायरीने पातळ केला. पातळ केल्यावर क्रोमेटही कमी होणारच, मग फायदा काय, असा प्रश्न येतो. पण जोवर वाहक सल्फेटने गच्च भरलेले आहेत तोवर आत जाणाऱ्या क्रोमेटचं प्रमाण दोघांच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि पातळ केल्याने गुणोत्तर बदलत नाही. म्हणजे सुरुवातीच्या पायऱ्यांत उजेड फारसा घटत नाही, उलट बाकीचे क्षार आणि त्रासदायक पदार्थ मात्र विरळ होतात. एका मर्यादेनंतर सल्फेट इतकं विरळ होतं की वाहक मोकळे राहायला लागतात. त्यापुढे मात्र प्रत्येक पायरीला उजेड घटतो. कामाची जागा या दोघांच्या मध्ये.

मोजपट्टीही शुद्ध पाण्यात बनवली नाही. त्याच बोअरच्या पातळ केलेल्या पाण्यात क्रोमेट वाढत्या प्रमाणात घालून त्याच पाण्याची स्वतःची रेघ काढली आणि ती मागे वाढवून मुळात किती होतं ते वाचलं. रसायनशास्त्रवाल्यांना हे जुनंच आहे. जिवाणू वापरणारे ते विसरतात, कारण उजेड दिसला की माणूस भुलतो.

दुसऱ्या थाळीत नितळ बोअरच्या पाण्याने उजेड दिला. खात्रीसाठी त्याच पाण्यात थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून ठेवलं. ते क्रोमेटचं तीन संयुजेचं क्रोमियम करतं. उजेड गेला, नियंत्रण जिवाणू मात्र तसाच झगझगीत राहिला. उजेड क्रोमेटचाच होता.

मग डायफिनाइलकार्बाझाइड. नितळ पाण्यात रंगाची अडचण नव्हतीच. फिकट जांभळी छटा आली आणि मोजता आली. हीच परीक्षा आम्ही पहिल्या दिवशी नितळ बोअरवरही करू शकलो असतो. केली नाही, कारण ते तुलनेचं ‘चांगलं पाणी’ होतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला: नितळ बोअरमध्ये क्रोमियम पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर, आणि जवळपास सगळं सहा संयुजेचं.

पिवळ्याचं काय झालं

पिवळ्या बोअरमध्ये क्रोमियम होतं, आम्लाच्या बाटलीने ते दाखवलं. पण सहा संयुजेचं नव्हतं. पुरेसं पातळ केल्यावर नियंत्रण जिवाणू उजळला, संवेदक गप्पच राहिला. आणि आम्ही घातलेलं क्रोमेटही त्या पाण्यात ठेवलं तर हळूहळू नाहीसं होत गेलं. सडक्या अंड्याचा वास तेच सांगत होता. हौदांखालची जमीन सेंद्रिय मळीने आणि सल्फाइडने भरलेली, प्राणवायू नसलेली. तिथे पोचलेलं क्रोमेट क्षपित होऊन तीन संयुजेचं बनतं आणि मातीला धरून राहतं. लोकांना ज्या पाण्याची किळस होती त्यात क्रोमेट टिकूच शकत नव्हतं. ते पाणी पिण्याजोगं आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यात आणखी काय काय आहे ते वेगळं प्रकरण.

रस्त्यापलीकडच्या बोअरकडे डाईंगची मागची बाजू येते. तीच, नारिंगी खड्यांच्या ड्रमांची खोली. तिथे मळी नाही, सल्फाइड नाही. भेगाळलेला बेसॉल्ट आणि त्यातून हिंडणारं, प्राणवायू असलेलं पाणी. क्रोमेटला अशी वाट मिळाली की ते बसत नाही, रंगत नाही, वास येत नाही.

गल्लीत सांगताना

संध्याकाळी कारखान्याच्या बोळात पंधरा-वीस माणसं जमली. नितळ बोअर बंद ठेवा असं सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया रागाची होती, आणि ती समजण्यासारखी आहे. तक्रार पिवळ्याची होती, आम्ही चांगलंच बंद करायला निघालो होतो. एक आक्का म्हणाल्या, “उकळून घेतलं तर चालंल का, सर?” नाही चालत. उकळल्याने जंतू मरतात. क्रोमेट तसंच राहतं, पाणी आटलं तर आणखी दाट होतं. कापडाने गाळून, कँडलच्या फिल्टरने, तुरटी फिरवूनही जात नाही. आरओने बऱ्यापैकी कमी होतं, पण मग फेकलेल्या पाण्यात ते साठतं आणि ते पाणी गल्लीत झाडांना घालतात. कारखान्याचे मालक मधेच म्हणाले, “तुमचे किडे पहिल्यांदा म्हणाले काही नाही, दुसऱ्यांदा म्हणाले आहे. तिसऱ्यांदा काय म्हणतील?” प्रश्न बोचरा होता आणि योग्य होता. म्हणून त्यांच्यासमोर जिवाणूंचा अहवाल ठेवलाच नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कागद ठेवला. जिवाणूंनी कुठल्या बोअरकडे बघा एवढं सुचवलं, तेही त्यांना नीट प्रश्न विचारल्यावर. बोअर बंद करायची की नाही हे त्यांच्या उजेडावर ठरवणं मला मान्य नाही, आणखी दहा वर्षं असेल असं वाटतही नाही.

तरी हे काम फुकट गेलं असं मी मानत नाही. ‘पेशीला काय दिसतं’ आणि ‘बाटलीत काय आहे’ यांतली दरी सल्फेटने नेमकी दाखवली. जिवाणूला जे दिसलं नाही ते माणसाच्या पोटात जात नाही असं थोडंच आहे. आतड्याच्या पेशींचे वाहक वेगळे, तिथली गर्दी वेगळी. जैवसंवेदक ‘जैविकदृष्ट्या उपलब्ध’ भाग मोजतो असं म्हणायची पद्धत आहे. कुणाला उपलब्ध, हा प्रश्न त्या वाक्यात विचारलेला नसतो.

सध्या बोळातल्या बोअरची मोटर काढून ठेवली आहे. माठ टँकरच्या पाण्याने भरतो, त्याचे पैसे मागांच्या संख्येनुसार वाटून घेतात, त्यावरून महिन्याला एकदा भांडण होतं. पावसाळ्यानंतर दोन्ही बोअर आणि नाल्याच्या अंगाला असलेली तिसरी, अशा तिन्हींचे नमुने पुन्हा घ्यायचे आहेत. पाऊस मुरल्यावर क्रोमेट पातळ होईल की मातीतून आणखी धुऊन निघेल हे आधी सांगता येत नाही. मागच्या खोलीच्या फरशीखालची माती कोणी काढायची यावर जागेचे मालक आणि जुने भाडेकरू यांचं एकमत नाही. तिथला मातीचा नमुना घेतला आहे. तो जिवाणूंना देणार नाही. मातीतलं सहा संयुजेचं क्रोमियम काढायला सोडियम कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात शिजवावं लागतं, त्यात कुठलाच संवेदक जगत नाही. तो सरळ रसायनशास्त्राकडे गेला आहे.